काउंटरजवळ लावलेले बाबा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तिथेही चित्रकला शिकतो. परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय घरातलं दुखणं असं चारचौघांत सांगावं की नाही, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. पण जे झालं ते चित्रात मावत नाही, म्हणून लिहून पाहतो.

रामदासपेठेत जेवणाचं एक लहानसं हॉटेल आहे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे जेवायला येणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक असतात. एक्स-रेचं मोठं पाकीट भिंतीला टेकवून ठेवतात आणि न बोलता जेवतात. त्याच भिंतींवर चित्रं असतात, नागपुरातल्याच मुलामुलींनी काढलेली. हॉटेलचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ती दर महिन्याला बदलतात. त्यांचा एक नियम आहे. चित्राखाली नावाची पट्टी लावायची नाही. "नाव वाचलं का लोकं पुढं सरकते. नाव नसलं तर चेहऱ्याकडे तरी पाहते," असं ते म्हणतात.

मी बाबांचं चित्र दिलं होतं. कोळशाने काढलेलं, फक्त चेहरा आणि खांदे. बाबा बुटीबोरीला एका सूत कारखान्यात आहेत. आईबाबा तिकडेच राहतात, मी कॉलेजसाठी नागपुरात खोली घेऊन. सुटीच्या दिवशी मी घरी गेलो की ते माझ्यासमोर स्टुलावर बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "शर्ट कारखान्याचा घालू का लग्नातला?" मी कारखान्याचाच म्हटलं. मधूनमधून त्यांना खोकला यायचा. मग ते हात वर करून मला थांबवायचे आणि खोकला संपला की पुन्हा त्याच जागी मान आणायचा प्रयत्न करायचे. मान दर वेळी थोडी वेगळीच यायची.

चित्र भिंतीवर गेलं तोवर बाबांच्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसला होता. थुंकीत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, नळी घालून आतला तुकडा काढू, तो तपासायला पाठवू, तोवर काही सांगता येणार नाही. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आम्हीही नाही. पण आई पोळ्या लाटताना मध्येच थांबायची, तेव्हा ती कशाचा विचार करते आहे हे मला कळायचं.

तो तुकडा काढला त्या दिवशी आम्ही तिघं रामदासपेठेत होतो. घशाचा बधिरपणा उतरल्यावर बाबा म्हणाले, "आलोच आहो तर मी कसा दिसतो ते पाहू दे." आईला ते नको होतं. "जित्या माणसाचं असं एकट्याचं चित्र भिंतीवर लावाच काहून?" ती म्हणाली. तरी ती आली, आणि आमच्या पुढे चालली.

हॉटेलच्या दारातच ती थांबली. बाकी भिंती भरल्या होत्या म्हणून काकांनी माझं चित्र काउंटरजवळ लावलं होतं. तिथेच त्यांच्या वारलेल्या आईवडिलांचे आणि भावाचे फोटो आहेत. सकाळी झाडपूस करणाऱ्या मावशी त्या तिघांना रोज झेंडूचे हार घालतात. त्या दिवशी हार चार होते.

मावशी हातात फडकं घेऊन आतून आल्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"अवं माय," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटलं मालकाच्याच घरचं कोणी असन. बाकीच्यायले हार, अन् हे एकटेच तसे. मले कसंतरी वाटे, म्हणून आज एक जास्तीचा आणला."

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. बाबांचा आवाज अजून घोगरा होता. ते म्हणाले, "हार तर चांगला मोठा आहे. पुढाऱ्याले बी असा नाही भेटत."

"गप बसा तुम्ही," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "काढ तो."

मी हात वर केला, तशी तिने माझं मनगट धरलं. "तू नको. पोराच्या हातानं नको." काका पुढे झाले, तर त्यांच्याकडे पाहून तिने नुसती मान हलवली. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. वाढणारा माणूस भाताची ताटली घेऊन आमच्या मागे खोळंबला होता.

"मंग मीच काढतो," बाबा म्हणाले. "माह्यासाठीच आणला ना?" त्यांनी चित्रावरचा हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि जवळच्या टेबलावर जाऊन बसले. डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी वरण-भात मागवला.

शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाने विचारलं, "लग्नाचा वाढदिवस का, भाऊ?"

"हाव," बाबा म्हणाले.

आई काही जेवली नाही. निघताना ती मावशींना म्हणाली, "तुमचा काही दोष नाही, बाई." पण त्यांच्याकडे तिला बघवलं नाही.

त्यानंतर आई मला रोज फोन करून एकच विचारायची, ते चित्र भिंतीवरून काढलं का. मागून बाबा म्हणायचे, "राहू दे त्याले. महिना तर होऊ दे." काकांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. मी दोनदा चित्राच्या चौकटीला हात लावला आणि मागे घेतला. काढलं तर आईला जे वाटतं ते मलाही वाटतं असं होईल. नाही काढलं आणि रिपोर्ट वाईट आला, तर आई जन्मभर त्या भिंतीचं नाव घेईल. मावशी तर आता त्या कोपऱ्यात फुलांची परडी नेतच नव्हत्या. काकाच तिन्ही हार घालायचे. तरी कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायचो, चहा घ्यायचो आणि चित्राकडे लक्ष ठेवायचो. दुपारी त्या भिंतीवर ऊन यायचं आणि बाबांच्या चेहऱ्यावरचा कोळसा करडा दिसायचा. मला ते आवडत नव्हतं. मी खुर्ची बदलून पाहायचो.

असाच बसलो असताना फोन वाजला. आईचा नंबर होता, पण बोलत बाबा होते.

"टीबी निघाला गा."

मी खुर्ची सरकवून उभा राहिलो.

"ऐकून राहिला ना? ते दुसरं नाही. टीबी. मी डॉक्टरले दोनदा विचारलं. गोळ्या घ्या लागते, सहा महिने. बरा होतो म्हणे."

"नीट सांगा ना त्याले," मागून आईचा आवाज आला. ती रडत होती.

"सांगतो ना वं," बाबा म्हणाले. "अन् तुझी, आईची, दोघायचीही तपासणी करा लागते म्हणे. उद्या सकाळीच निघून ये."