गायीच्या वाटची भाकरी

सुमेरनाथाने दवाखान्याच्या बाकावर उजवा पाय पसरला, तेव्हा बाहेर रांगेत बसलेल्या बायांनी उठून त्याला हात जोडले आणि एकीने पिशवीतली केळी काढून त्याच्या झोळीत टाकली. डॉक्टर कठैतांनी दारातून ते पाहिलं. अंगठ्याखालची जखम धुता धुता ते म्हणाले, "महाराज, ती केळी आधी बाहेर काढा."

"काढतो. मग खाऊ काय?"

"जव खा, नाचणी खा. कुळीथ खा, पालेभाजी खा. बटाटा, केळं, पेढा, खजूर, सगळं बंद. आणि उपासाच्या कुट्टूच्या पिठाच्या त्या तुपात तळलेल्या पुऱ्या, त्यांच्याकडे तर बघूसुद्धा नका."

"मी धान्य खात नाही. फलाहारी आहे."

"म्हणूनच ही साखर. लोक उपासाच्या दिवशी जे खाऊन दुपारी आडवे होतात, ते तुम्ही रोज खाता." डॉक्टरांनी पट्टी बांधली. गोळ्यांची पुडी हातात दिली. "उपास सोडा, जखम भरायची आशा आहे. नाही सोडलात तर आधी अंगठा काढावा लागेल, मग पाऊल. मग फिरा बसल्या जागी."

हे शेवटचं वाक्य सुमेरनाथाच्या वर्मी लागलं. रमता जोगी तो. पावसाळा सोडला तर एका गावात फार दिवस मुक्काम करायचा नाही, ऋषिकेशपासून वर बर्फापर्यंत पायी जायचं आणि पायीच उतरायचं, हीच त्याची मिळकत आणि हाच त्याचा जप. पायच गेले तर कुठल्या तरी देवळाच्या पायरीशी वाटी मांडून बसायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने 'बिचारा' म्हणायचं. तो चरफडत बाहेर पडला. केळी त्याने रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातात कोंबली. त्या म्हाताऱ्यालाही साखरच होती की काय, कोण जाणे.

खरी गंमत अशी की हे व्रत सुमेरनाथाने कधी धरलंच नव्हतं. ते त्याच्या अंगाला चिकटलं होतं. दीक्षेच्या वेळी गुरू टहलनाथांनी कुंडलांसाठी त्याचे कान चिरले. चिरलेले कान भरून येईपर्यंत नाथांमध्ये नव्या जोग्याला धान्य देत नाहीत. दूध, फळं, उकडलेले कंद, एवढंच. तेव्हा टहलनाथांनी धुनीसमोर बजावलं, "मी सांगेन तोवर धान्याला शिवायचं नाही." आणि कान ओले असतानाच गुरुमहाराज नेपाळच्या वाटेला लागले. एका जागी त्यांचं बूड कधी टिकलं नाही. तिकडेच कुठे तरी त्यांनी देह ठेवला. बातमी इकडे पोचली तेव्हा कान कधीच भरले होते, पण 'खा' म्हणून सांगायला आता कोणी उरलं नव्हतं. पंथाचे पंच बसले, दाढ्या कुरवाळल्या आणि निवाडा दिला, की गुरूने घातलेला शब्द गुरूनेच मोकळा करायचा असतो. तो शब्द कानांसाठी होता, जन्मासाठी नव्हता, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सुमेरनाथाच्या तरी यावं, तर तो तेव्हा तरणा होता. आपल्यासाठी पंच बसले याचाच त्याला अभिमान वाटला.

पहिली वर्षं त्याने खरोखर कडक काढली. रानातली फळं, अक्रोड, खणून काढलेले कंद, आणि काहीच मिळालं नाही तर झऱ्याचं पाणी. अंग काटक झालं होतं. मग त्याचं नाव झालं. फलाहारी बाबा आले म्हटल्यावर गावागावांतून कढया चुलीवर चढायला लागल्या. कुट्टूच्या पुऱ्या, शिंगाड्याचा शिरा, मखाण्यांची खीर, तुपात परतलेले बटाटे. बाया एकमेकींवर कडी करायच्या. टहलनाथांची एक साधी शिकवण होती, जोग्याने अर्धं पोट अन्नाने भरावं, पाव पाण्याने, आणि उरलेलं श्वासाला मोकळं ठेवावं. धान्य सुटलं त्याबरोबर तीही सुटली. फळंच तर खातोय, मग पोट कशाला बघायचं? खरं सांगायचं तर ते सगळं त्याला गोडही लागत होतं.

दवाखान्यातून तो लंगडत मठावर गेला. सडकेच्या वळणावर टहलनाथांची धुनी आहे आणि तिथे आता त्याचा थोरला गुरुभाई हजारीनाथ गादीवर बसतो. कान चिरताना सुमेरनाथाचं डोकं मांडीवर घट्ट धरणारा हाच, आणि मोरपिसाने जखमांना तेल लावणाराही हाच.

"आदेश," सुमेरनाथाने नाथपंथी रामराम घातला.

"आदेश, आदेश. बरा आलास. भंडारा तोंडावर आलाय आणि तुझा पत्ता नाही."

सुमेरनाथाने पाय पुढे केला आणि सगळं सांगितलं. "तू थोरला आहेस. धुनीसमोर बसून एकदा म्हण, मोकळा केला. एवढंच काम आहे."

हजारीनाथाने चिमट्याने लाकूड सारखं केलं. "गुरूचा शब्द फिरवणारा मी कोण?"

"गादीवर बसताना नाही विचारलंस, मी कोण."

"तोंड सांभाळ." हजारीनाथ चिडला, पण त्याची नजर पट्टीवरून हटत नव्हती. "बरेलीची माणसं कुटुंबकबिला घेऊन येताहेत. कोणाच्या दर्शनाला? माझ्या? ती येतात फलाहारी बाबासाठी. हे वरचं छप्पर त्यांनीच घातलंय. आणि बाबा भाकरी खाताना दिसला तर उद्या म्हणतील, इतकी वर्षं हे चोरूनच खात होते. भंडारा होऊ दे. मग बघू."

"तोवर अंगठा थांबेल काय रे?"

"गोळ्या दिल्यात ना डॉक्टरने? घे की मग."

सुमेरनाथ उठला. जाताना त्याने धुनीकडे असं काही पाहिलं की जणू सगळा दोष तिचाच होता. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत चढणीला लागला. कोटसारी गावात छुमादेवीचं घर आहे. वरच्या वाटेवरची त्याची पहिली भिक्षा आजवर कायम तिच्याच ओट्यावर व्हायची.

"अलख," त्याने अंगणातून हाक दिली.

छुमादेवी ताट घेऊनच बाहेर आली. केस पांढरे झालेली, वाकलेली बाई, पण हात भराभर चालणारे. ताटात तळलेले बटाटे, केळं आणि वर पेढे. पेढे ती बाजारातून आणून त्याच्यासाठी डब्यात राखून ठेवायची. आतून मात्र भाजक्या नाचणीचा वास येत होता.

"माई, आत काय चाललंय?"

"आमचं आपलं नेहमीचं. नाचणीची भाकरी, कंडाळीचा पाला, कुळथाची आमटी. तुमच्या कामाचं नाही ते."

"तेच आण."

तिने ताट खाली ठेवलं. "सकाळी सकाळी चेष्टा करता गरिबाची?"

"पाय बघ माझा. कापायला निघालेत. डॉक्टर म्हणतो, तू खातेस तसं खा."

छुमादेवीने पाय बघितला, चुकचुकली, आणि तरी मान हलवली. "मग डॉक्टरच्या ओट्यावर जाऊन मोडा व्रत. माझ्या सुनेने तुमच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा कुठे माझ्या घरी पाळणा हलला. माझ्या दारात तुमचं व्रत मोडलं तर पाप कोणाच्या माथी? माझ्याच ना?"

तेव्हा सुमेरनाथाचा बांध फुटला. "कसलं व्रत आणि कसलं पाप! मी कधी धरलं व्रत? माझे कान चिरले होते, कान! ते भरेपर्यंत खाऊ नको म्हणाले गुरू, आणि निघून गेले, आणि मेले. झालं. ना कोणी सोडवायला, ना कोणी विचारायला. तुम्ही बायका पेढे भरवता, तो हजारी छप्पर दाखवतो, आणि मी इथे बोटाबोटाने सडतोय."

छुमादेवी आ वासून ऐकत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. सुमेरनाथाला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"हसतेस काय?"

"थांबा, थांबा." तिने डोळे पुसले. "नेपाळला निघाले तेव्हा टहलनाथ याच ओट्यावर भाकरी खाऊन गेले. मी विचारलं, महाराज, तुमच्या त्या चेल्याचे कान अजून ओले आहेत म्हणतात, त्याला मागे कोणाच्या भरवशावर टाकून चाललात? तर म्हणाले, त्याची कशाला काळजी? खादाड आहे तो. कान सुकले की जाऊन बसेल चुलीपाशी. मला विचारायला थोडाच थांबणार आहे."

सुमेरनाथ काठी टाकून ओट्यावर बसला.

"हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटलं, मागाहून तुम्ही स्वतःच धरलंत. कौतुक वाटायचं मला. म्हटलं, गुरूने खादाड म्हटलेलं पोर केवढं मोठं झालं."

सुमेरनाथाला रडू आलं आणि त्या रडण्याचा भयंकर राग आला. गुरूचा राग आला, पंचांचा आला, या बाईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ज्याने बांधलं तो हसत हसत गाठ सैल सोडून गेला होता, आणि हा उभं तारुण्य ती गाठ आवळत बसला होता. एवढी वर्षं गुरूची आज्ञा म्हणून जे मिरवलं, ते गुरूला ठाऊकसुद्धा नव्हतं.

छुमादेवी आत गेली आणि या वेळी न विचारता भाकरी घेऊन आली. जोगी जेवणाआधी फुंकतात तशी त्याने गळ्यातली शिंगी फुंकली, मनातल्या मनात गुरूला दोन शब्द सुनावले आणि तुकडा मोडला. कंडाळीचा पाला हाताला लागला तर आग करतो, शिजला की मऊ होतो. कुळथाची आमटी खारट झाली होती. एवढं चांगलं जेवण त्याला आठवत नव्हतं. पहिली भाकरी कुठे गेली ते कळलंच नाही. दुसरी संपत आली तशी जीभ तिसरीसाठी वळवळायला लागली. छुमादेवीने ती पुढे केलीच, आणि त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बास."

"भरलं पोट?"

"नाही. अर्धंच."

भंडाऱ्याच्या दिवशी मठावर जोग्यांची दाटी झाली. फलाहारी बाबासाठी दरवर्षीप्रमाणे चौरंग मांडला होता, सगळ्यांना दिसेल असा, समोर फळांचं मोठं ताट. बरेलीची माणसं हार घेऊन ताटकळत होती. सुमेरनाथ आला, चौरंगाला वळसा घालून गेला, आणि पंगतीत पानांच्या पत्रावळीसमोर जाऊन बसला. वाढणारे घोटाळले. कुजबूज सुरू झाली. शेवटी हजारीनाथ स्वतः आला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत. टहलनाथांनी मला कधीच मोकळं केलं होतं. छुमादेवी साक्षीला आहे."

"एका म्हातारीच्या शब्दावर गुरूचा शब्द मोडतोस?"

"पंचांच्या शब्दावर पाळला, तो तरी कुठे गुरूचा होता? वाढ आता."

हजारीनाथाने इकडेतिकडे बघितलं. एवढ्या लोकांत भांडण नको म्हणून त्याने दात ओठ खात पातेलं जवळ ओढलं आणि सुमेरनाथाच्या पत्रावळीवर पुऱ्या टाकल्या. पुऱ्यांवर तुपात थबथबलेला हलवा, शेजारी बटाट्याची भाजी आणि वर बुंदीचा लाडू.

सुमेरनाथ त्या पत्रावळीकडे नुसता बघत राहिला. एवढा गावभर तमाशा करून, हार घेतलेल्या माणसांची तोंडं पाडून, तो पंगतीला बसला होता, आणि समोर काय, तर तोच तळलेला गोड चिखल, फक्त धान्याचा. भंडारा म्हणजे हेच असतं, ते त्याला आठवायला हवं होतं. इतकी वर्षं चौरंगावर बसल्यामुळे पंगतीत काय वाढतात तेच तो विसरला होता.

"भाकरी आहे?" त्याने विचारलं.

"भंडाऱ्यात भाकरी?" हजारीनाथाचा आवाज चढला. "लाज घालवशील माझी. पुऱ्या आहेत, खा गुमान."

सुमेरनाथाने आपली पत्रावळ उचलून शेजारच्या हाडकुळ्या जोग्यापुढे सरकवली आणि काठी टेकत उठला. तो स्वयंपाकघराच्या मागे गेला. आचाऱ्याने मठाच्या गायीसाठी जवाच्या जाड भाकऱ्या भाजून टोपलीत ठेवल्या होत्या, रोज ठेवायचा तशा. बाजूला पंगतीसाठी निवडलेल्या मुळ्यांचा पाला पडला होता, तोही तिच्याच वाटचा. सुमेरनाथ गोठ्याच्या दगडावर टेकला, एक भाकरी घेतली, पाला धुतला आणि खायला लागला. गाय दाव्याला ओढ देत त्याच्याकडे बघत होती.

हजारीनाथ मागोमाग धावत आला. "अरे, ती गायीची आहे!"

"बघ तिच्याकडे," सुमेरनाथ म्हणाला. "म्हातारी झाली तरी कशी ठणठणीत उभी आहे. आणि मला बघ, आणि ढेकर देत पंगतीतून उठणाऱ्या आपल्या जोग्यांना बघ. तुझ्या मठात शहाण्यासारखं जेवण एकट्या हिलाच मिळतं."

हजारीनाथ गोठ्याशी थबकला. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग टोपलीकडे. मग वाकून त्याने एक भाकरी उचलली. सुमेरनाथाला वाटलं, आता ही हिसकावून घेणार. हजारीनाथाने तिचे दोन तुकडे केले, एक गायीच्या तोंडात दिला आणि दुसरा सुमेरनाथाच्या हातावर ठेवला.

"एवढीच," तो घुश्शातच म्हणाला. "आणि सडकेच्या बाजूला तोंड करून बसू नकोस."

त्या हिवाळ्यात अंगठा गेलाच. डॉक्टर कठैत म्हणाले, थोडं आधी आला असतात तर तोही वाचला असता. पाऊल राहिलं. बर्फ वितळल्यावर सुमेरनाथ वरच्या वाटेला लागला, पूर्वीपेक्षा सावकाश, पण पायीच.