हुरडा आणि दुर्बीण

दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या दुपारी मी पोटभर हुरडा खाल्ला. माझ्या गुदाशयात दोन बारके कोंब, म्हणजे पॉलिप, असावेत, अशी वाशीमच्या डॉक्टरांना शंका होती. "लहान असले तर दुर्बिणीतूनच काढतो, नाहीतर ऑपरेशन. पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्या," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण अनसिंगच्या साडूने शेतात कणसं भाजली, गरम दाणे हातावर चोळून पुढे केले, आणि त्या हाताला नाही म्हणणं मला जमत नाही. शिवाय हुरडा कोवळा असतो, तो पातळातच धरायचा, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. वरून जुलाबाचं औषधही घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पडद्याजवळ वाकून पुन्हा पुन्हा पाहू लागले. मला वाटलं, झालं, आता ऑपरेशनच.

"कोंब कुठं दिसून राह्यले? नुसते दाणेच हायेत," ते वैतागून म्हणाले. "आठ दिवसांनी पुन्हा या."

म्हणजे पुन्हा ते खारट औषध, पुन्हा तीच धाकधूक. बाहेर बसलेल्या बायकोने काळजीने विचारलं, "काय म्हनले? ऑपरेशन लागते काय?" मी खरं ते सांगितलं.

"लागते," ती म्हणाली. "आधी जीभ कापून घ्या, मंग बाकीचं पाहू."