भोकं मोजणारे गायकवाड काका

लॅबमधले किस्से फ्रीजमागच्या धुळीसारखे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण फ्रीज सरकवला की ढीग निघतो!

ग्लासगोहून इंदूरला परतताना वाटलं होतं, माणसं भेटतील, यंत्रं कमी पडतील. लॅबचे प्रमुख, सर, पहिल्याच दिवशी म्हणाले, "यंत्र फॉरेनचं आलंय, बेटा. चालवणारा कोणी नाही!"

माझा प्रश्न साधा होता. माणसाच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं विषाणूची लागण करण्याची ताकद मोडतात का? ते दिसलं तर प्रकल्प चालणार, नाहीतर बंद. मग मी परत ग्लासगोला.

*

मदतीला गायकवाड काका. मिल बंद पडेपर्यंत तिथे कापडातले दोष शोधायचे. काचेच्या बशीतला पेशींचा थर विषाणू खातो, तिथे भोक पडतं. मी भिंगातून मोजली, बेचाळीस. काकांनी बशी खिडकीशी धरली.

"चव्वेचाळीस. दोन काठाला आहेत, ताई. काठ आधी बघायचा असतो!"

पुन्हा मोजली. चव्वेचाळीस!

*

रक्त देणाऱ्याला पोहे मिळायचे. हेडक्लार्क दंड पुढे करून काकांना म्हणाले, "भिया, खून जितना चाहे ले लो, पण पोह्यांवर जिरावन मसाला कमी नको!"

दुसऱ्या दिवशी दुसरा दंड घेऊन हजर!

*

रक्तातलं सीरम काढून अर्धं ताजं ठेवायचं, अर्धं गरम करायचं. गरम केलं की ती प्रथिनं निकामी होतात. मग दोन्हींत विषाणू मिसळून पेशींवर घालायचं; ताज्याच्या बशीत भोकं कमी हवीत. तीन आठवडे दोन्ही बशा सारख्याच!

"हो जाता है, बेटा," सर म्हणाले.

मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

*

त्याच दुपारी पाहिलं, काका दोन्ही रॅक गरम पाण्यात ठेवत होते.

"काका, ताज्या नळ्यापण?"

"मग? एकाच लॉटचं अर्धं कापड रंगाच्या कुंडात, अर्धं बाहेर? शेड बदलते ना! तुम्ही रोज विसरता, मी आठवणीने ठेवतो."

"रोज?"

"एक दिवस नागा नाही!"

मी सगळं समजावलं. काकांनी बाही वर केली. "माझं रक्त काढा. नळ्या तुम्हीच ठेवा. मी हात लावत नाही."

*

चार दिवसांनी संध्याकाळी काकांनी त्यांच्याच ताज्या सीरमची बशी खिडकीशी धरली. काठ पाहिला. फिरवली. पुन्हा काठ.

"तीन! असा माल मिलमध्येपण नाही निघाला, ताई."

"आणि गरम केलेली?"

"ती चाळणी आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आकडे लिहायला कागद मागितला. मी पर्समधून काढून दिला.

"यावर तर काही लिहिलंय, ताई."

"उलटा करा."