तेराला पुरत न्हाई

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये पालकसभेतलं माझं भाषण ठरलेलं असायचं. ज्याला प्रश्न सोडवता येतात त्याला कशाचीच ददात नाही. इंजिनिअर व्हा, डॉक्टर व्हा, संशोधक व्हा, नाहीतर माझ्यासारखे मास्तर व्हा. शेवटच्या वाक्याला पालक हसायचे. मीही हसायचो, पण गणितात आपला हात धरणारं कोणी नाही, हे मनातून मला पक्कं ठाऊक असायचं.

आमच्याकडे दर रविवारी परीक्षा. मार्कांवर बॅच ठरायची. पेपर झाला की प्रश्नपत्रिका परत घ्यायच्या, म्हणजे तेच प्रश्न पुढच्या वर्षी चालतात. यंदा असाच जुना गठ्ठा चाळत होतो. नववीच्या एका प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : ‘पाच आणि दोन सात. तेराला पुरत न्हाई.’

कुणीतरी टवाळकी केली असेल म्हणून मी प्रश्न वाचला. त्रिकोणाच्या बाजू पाच, दोन आणि तेरा, क्षेत्रफळ काढा. मूळ प्रश्नात पाच, बारा, तेरा होतं. छापताना बारातला एक गळला होता. पाचची आणि दोनची काडी तेराच्या काडीवर कशीही ठेवा, टोकं जुळणारच नाहीत. असा त्रिकोण जगात नाही!

घाईघाईनं उत्तरपत्रिका काढल्या. पहिल्या बॅचच्या पोरांनी तीस लिहिलं होतं. एक सोडून सगळ्यांनी. पाच आणि तेरा दिसले की तीस, असं मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. आणि त्या प्रत्येक तीसवर लाल पेनानं बरोबरची खूण होती, माझ्याच हातची.

एकच जागा कोरी होती. देवणीच्या एका टेलरची मुलगी. त्या एका प्रश्नानं मी तिला दुसऱ्या बॅचमध्ये उतरवलं होतं, आणि बॅच उतरली तर गावाकडे, असं बजावून बसलेला बाप तिला महिन्याभरात घेऊन गेला होता. निघताना तो मला भेटला, तेव्हा मी काय म्हणालो होतो? ‘गणित हिचा विषय नाही.’ आठवलं आणि मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी देवणी गाठली. मुलगी दुकानात कापडावर खडूनं आखत होती. मी सगळं सांगितलं, बापापुढे हात जोडले. हिला परत पाठवा, पहिल्या बॅचमध्ये जागा ठेवलीय, म्हणालो.

“पन सर, तुमीच म्हनला व्हता ना, गनित हिचा विषय न्हाई म्हनून? तवापासून लेकरू वहीला हात लावत न्हाई,” बाप म्हणाला.

मुलीनं खडू खाली ठेवला. ती रागावलेली नव्हती, खरंच विचारत होती.

“सर, तपासताना तुमी सोडवून बघितलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “उत्तर पाठ होतं.”

तिनं खडू पुन्हा उचलला.

“मला वाटलं, तुमी सोडवलं असंल. म्हनून मलाच येत न्हाई, असं धरून चालले मी.”