ताईंचा स्कोप

"पहिले स्क्रू पाहा," असं म्हणून ताई चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि बिघडलेल्या वस्तूकडे वाकायच्या. मग तो ऑफिसातला प्रिंटर असो, माझा मिक्सर असो, नाहीतर माझं नवऱ्याशी झालेलं भांडण असो. भांडणात कुठला स्क्रू, असं मी एकदा विचारलं.

"असतो ना गं. तो जेवला होता का तेव्हा? नाही ना? मग!"

आयर्लंडमध्ये गॉलवेतल्या एका कंपनीत आम्ही दोघी कामाला होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनतात. त्या तपासून पास-नापास करणाऱ्या विभागात ताई माझ्या वरिष्ठ. त्या नागपूरच्या, मी उदगीरची, घरातली पहिली पदवीधर. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की मी वहीत डोकं घालून बसायची. ताई टेबलाखालून माझ्या बुटावर हलकेच बूट टेकवायच्या, म्हणजे बोल. त्या एका बुटाच्या आधारावर मी पुढे दहा माणसांसमोर उभं राहून बोलू लागले. हे ऋण कसं सांगावं, मला अजून नीट कळत नाही.

पन्नाशी ओलांडलेली, डब्यात मेथीचे पराठे आणणारी ही बाई शनिवारी रायफल घेऊन निशाण मारायला जाते, हे कळलं तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी नेमबाजी केली होती, आणि मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर ती पुन्हा सुरू केली होती. परवान्याआधी एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, बंदुकीची तिजोरी नीट बसवली आहे का, हे बघायला घरी आला. तिजोरी जिन्याखालच्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी. त्याने तिजोरी हलवून पाहिली आणि मग बराच वेळ बरण्यांबद्दल विचारलं. जाताना लिंबाचं लोणचं घेऊन गेला.

ताईंना हजार यार्डांवर मारायचं होतं. दहा बार, दहाही काळ्या गोलात, क्लबच्या शरद ऋतूतल्या स्पर्धेत, सगळ्यांसमोर. एवढीच इच्छा. पण त्यासाठी चांगला स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण हवी, आणि मुलीची फी भरून उरेल त्यात तो बसवायचा होता.

तो शोध तुम्ही पाहायला हवा होता. लग्नाची स्थळंही कोणी इतकी पारखत नसेल. जेवणाच्या सुट्टीत ताई मला समजावायच्या. "मोठं करून दाखवणारे खूप मिळतात. पण काच गढूळ असेल तर मोठं धुकं दिसतं, दुसरं काय! काचेवर खर्च कर. आणि हे वरचं बटण वीस घरं फिरवून परत आणलं की आतल्या फुलीचे काटे बरोबर जुन्या जागी आले पाहिजेत. नाही आले तर तो स्कोप खोटारडा."

शेवटी किलकेनीच्या एका सभासदाचा जुना स्कोप त्यांनी घेतला. स्कोप रायफलवर धरून ठेवणारे माउंट मात्र नवे, पण स्वस्तातले. लांबच्या निशाणाकडे जाताना बार वाटेत बराच खाली येतो, म्हणून खालची पट्टी किंचित उतरती हवी. लांबच्या कुंडीला पाइपने पाणी घालताना आपण तोंड वर धरतो ना, तसंच ते, असं ताई म्हणायच्या. कड्यांची उंची गालाच्या मापाची हवी. ती जरा जास्त झाली, तेव्हा त्यांनी जुन्या ओढणीची घडी करून दस्त्यावर बांधली. रेंजवरचे लोक त्या बांधणीच्या ओढणीकडे बघत राहायचे.

रेंज मलिंगार गावाच्या अलीकडे, जळणासाठी पीटची माती काढून झालेल्या बोगच्या, म्हणजे जुन्या दलदलीच्या, सपाट जमिनीवर होती. माझ्याकडे परवाना नाही. मी गाडी चालवायला आणि बाजूच्या दुर्बिणीतून बार कुठे लागला ते सांगायला जायची. तिथल्या म्हाताऱ्या रेंज ऑफिसरची एक पक्की समजूत होती, की भारतीय बायका म्हणजे मलिंगारच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर. तो ताईंना "डॉक" म्हणायचा. सुरुवातीला ताईंनी दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं.

काही महिने छान गेले. स्पर्धा जवळ आली आणि ताईंचे बार भरकटू लागले. "काटा उडून राहिला गं," त्या म्हणाल्या. "मध्येच टुणकन उडतो."

पहिले अर्थातच स्क्रू. कारखान्यात आम्ही स्क्रू आवळला की त्यावरून रंगाची आडवी रेघ ओढतो. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटते. ताईंनी माउंटच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. पुढच्या शनिवारी काटा उडत होता आणि रेघा अखंड होत्या.

"स्वस्त घेतलं ना, त्याचंच फळ," ताई स्वतःवरच चिडल्या. सगळं उतरवून पुसलं, पुन्हा मोजून आवळलं. मग किलकेनीच्या त्याच सभासदाने आपले भारी माउंट लावायला दिले. तरी तेच. ताईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नापास करायला वस्तूच सापडत नव्हती.

अखेर म्हातारा म्हणाला, "सरक, डॉक, मी बघतो." रिकाम्या रायफलमागे तो पालथा झोपला, गाल ओढणीवर टेकवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ग्रँड आहे गं. काही झालेलं नाही."

"काटा हलत नाही?"

"हलतो की. सगळ्यांचाच हलतो. ते आपलं काळीज. पण एकसारखा हलतो, घड्याळासारखा."

ताई पुन्हा रायफलमागे पालथ्या झाल्या. डोळा स्कोपला लावला आणि मला म्हणाल्या, "माझी नाडी धर. आणि मी 'आता' म्हणेन तेव्हा बघ."

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

"आता. आता. आता-आता. … आता."

बोटांखाली अगदी तसंच होत होतं. दोन ठोके अंगावर अंग टाकून, मग काहीच नाही, मग एक जोराचा. ताई रायफलवरून डोकं न उचलता म्हणाल्या, "माउंट चांगले निघाले हो. उगीच बोलले मी त्यांना."

त्या दिवशी रेंजवरून आम्ही थेट मलिंगारच्या हॉस्पिटलात गेलो. मागून म्हातारा आपल्या गाडीतून आला. स्वागतकक्षात ताईंना नाव विचारलं, तेव्हा तो घाईने म्हणाला, "ही तुमच्याकडचीच डॉक्टर." एवढ्या काळजीतही ताई हसल्या. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. वेळेवर आलात, तिथली डॉक्टर म्हणाली. असंच चालू राहिलं असतं तर रक्ताची गुठळी मेंदूत जाण्याचा धोका होता.

औषधं सुरू झाली. महिन्याभरात ताईंच्या चेहऱ्यावर रंग आला. स्पर्धेआधी त्यांनी सवयीने नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि सोमवारी डबा न उघडताच मला सांगितलं, "माझं औषध चालत नाही."

हृदयाची गती कमी करणारं ते औषध नेमबाजीत निषिद्ध आहे. त्याने काळीज शांत होतं आणि निशाण स्थिर राहतं, म्हणून. खास परवानगी मागता येते, पण ती बहुधा मिळत नाही.

"इथल्या क्लबात कोण तपासणार?" शनिवारी रेंजवर म्हाताऱ्याने विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, पण तुम्ही आजारी आहात म्हणून घेता ना!" मी भांडले.

"हौ. पण फायदा तर होऊन राहिला ना? मला तो कळतो." मग हळू आवाजात, "एकदा मनात आलं होतं, तेवढा आठवडा औषध बंद ठेवावं. मग मुलीचा फोन आला."

नाव त्यांनी स्वतःच काढून घेतलं. स्पर्धेच्या दिवशी मात्र आल्या, चिवडा घेऊन.

ताई आता नागपूरला असतात. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा रायफल आणि स्कोप क्लबातच कुणाला तरी विकून गेल्या. आजही मीटिंगमध्ये बोलायला उभी राहण्याआधी माझा पाय टेबलाखाली जरा पुढे सरकतो. तिथे कोणी नसतं. फोनवर त्या बऱ्या असतात, आवाज खणखणीत. पण मला त्या आठवतात त्या स्पर्धा संपल्यानंतरच्या.

बक्षिसं वाटून झाली होती. लोक गाड्यांत सामान भरत होते. म्हातारा म्हणाला, "डॉक, बंद करण्याआधी दहा बार मारून घे. नोंद होणार नाही." ताईंनी मारले, सावकाश, न बोलता. मग रायफल रिकामी केली, म्हाताऱ्याने ती तपासली आणि तो निशाणाचा कागद आणायला गेला. परतला तेव्हाही ताई तशाच पालथ्या होत्या, डोळा स्कोपला लावून. गोलात किती, मी खुणेनेच विचारलं. त्याने आठ बोटं दाखवली, आणि कागदाची गुंडाळी काखेत धरून वाऱ्यात उभा राहिला.

मला भीती वाटली. मी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. "ताई, बरं वाटतंय ना?"

"हौ गं," त्या म्हणाल्या. "जरा पाहू दे. काहीच हलून नाही राहिलं."