ओसरीतलं विमान

गेल्या गुरुवारी आमच्या ओसरीचं विमान झालं... खरंच. ज्वारीच्या पोत्यांच्या खुर्च्या झाल्या, बाजेची जुनी नवार कापून कमरेचे पट्टे झाले, आणि माझं स्वयंपाकघर झालं पँट्री.

हा खेळ नव्हता. माझ्या कुसुमला मुंबईच्या एका विमान कंपनीने सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं, एअर होस्टेसच्या नोकरीसाठी. पोरगी नाशिकला इंटरपर्यंत शिकली, इंग्रजी चांगलं बोलते... पण नंदुरबारजवळच्या कोरीट गावातल्या आमच्या घरात हो की नाही हे एकच माणूस ठरवतो. माझे थोरले दीर, आबा.

आबांनी कंपनीचं पत्र शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकेसना उष्टा कप उचलाले पोर धाडानी का?" कुसुमचे वडील खाली बघत बसले. मोठ्या भावापुढे ते आजवर कधी बोलले नाहीत, आणि मी तर आबांशी थेट बोलतच नाही, दाराआडूनच.

शेवटी आबाच म्हणाले, "काय काम शे ते माले आठे करी दखाड. मंग सांगसू."

काम घरातच करून दाखवायचं, म्हणून हे विमान.

कुसुमची एक मैत्रीण आधीच या नोकरीत आहे. तिने आतला नकाशा पत्रातून पाठवला होता. डाव्या हाताला दोन-दोन खुर्च्या, उजव्या हाताला एक-एक, मध्ये चालायला हातभर वाट. अशा सात रांगा... आमच्या ओसरीत तीनच मावल्या.

मला धास्ती होती ती चहाची.

दोन वर्षं झाली, आबांचा उजवा हात थरथरतो. तेव्हापासून ते चारचौघांत चहा घेत नाहीत, "नको" म्हणतात. आपल्या खोलीत दार लोटून वाटीतून पितात. घरात सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही कोणी तो विषय काढत नाही.

"पाणी दे, पेपरमिंटच्या गोळ्या दे, पण चहाचं राहू दे," मी कुसुमला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, चहाच तर मुख्य काम आहे."

दुपारी सगळे बसले. आबा पुढे, उजवीकडे एकटे. मागे कुसुमचे वडील आणि माझी नणंद आक्का. मी डोक्यावरचा पदर सावरून स्वयंपाकघराच्या दारात उभी.

कुसुमने इंग्रजीत नमस्कार केला. वाकून एकेकाचा पट्टा बांधला. मग, विमान चढताना कानांत दडे बसतात म्हणून, ताटलीतून पेपरमिंटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरवला... कापूस मात्र घरचाच.

"मन्हा कान दोन शेतस, गोळी एकच का?" आक्का मागून म्हणाली. कुसुमचे वडील हसले. आबा हसले नाहीत.

"थर्ड क्लासना डबा कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"थर्ड नही शे, आबा. समदासले एकसारखीच खुर्ची."

"मंग साहेबना बाजूले दलाल बी बसस?"

"बसस ना. तिकीट काढं का बसस."

आबांनी नुसतं "हं" केलं. त्या हुंकारावरून मला काहीच कळेना.

मग कुसुम आत आली. किटली उचलली, कपबशी पितळी ताटात ठेवली. मी तिचा हात धरला... तिने तो हळूच सोडवला आणि बाहेर गेली.

तिने आबांसमोर कप ठेवला आणि चहा ओतू लागली. अर्ध्यावर येऊन थांबली.

आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप म्हणजे 'लवकर उठा' असं सांगणं... आणि इथे तर घरातला मोठा माणूस! आक्काचं तोंड उघडंच राहिलं.

आबांनी कपाकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"अर्धाच?"

"इमान हाली ऱ्हायनं, आबा," कुसुम म्हणाली. तिने त्यांच्या हाताकडे बघितलंही नाही. "भरेल कप सांडस."

आबांचा हात मांडीवरून उठला, नेहमीसारखाच थरथरत. कप उचलताना बशीवर किणकिण झाली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ते पीत होते. सगळ्यांसमोर. धोतरावर एक थेंब नव्हता.

"हाली ऱ्हायनं खरं," आबा म्हणाले. "आखो अर्धा दे."

दुसरा अर्धाही प्यायले. कुसुम कप घ्यायला वाकली, तर त्यांनी तो उष्टा कप स्वतःच तिच्या ताटात ठेवला. मग पट्टा सोडत विचारलं, "नंदुरबारहून सुरतनी गाडी कव्हय शे?"

आबांचा होकार असाच येतो, गाडीची वेळ विचारून. कुसुमचे वडील तोंड फिरवून डोळे पुसत होते.

संध्याकाळी पोती जागेवर लावताना मैत्रिणीचं ते पत्र सापडलं. मी सहज वाचलं. चहाबद्दल तिने लिहिलं होतं, 'विमान हलतं, म्हणून कप पाऊण भरायचा.'

पाऊण... अर्धा नाही. मी ते पत्र तसंच घडी घालून कुसुमच्या ट्रंकेत ठेवलं. तिला काही विचारलं नाही.

शनिवारी तिला सुरतमार्गे मुंबईला जायला गाडीत बसवून दिलं. काल दुपारी ओसरीत गावातली चार माणसं बसली होती, आणि आबांचा आवाज आला, "आक्का, चहा सांग. माले इमानना."

काठोकाठ भरून देणं म्हणजे मान देणं, हे मला आईने शिकवलं होतं. काल मी कप अर्धाच भरला... आणि मुंबईला गेलेल्या माझ्या लेकीला मनातल्या मनात हात जोडले.