सोनूबाईची वलांडी

वेसाव्याच्या खाडीकाठी बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत असत. त्या मांडवांना कोळीवाड्यात वलांडी म्हणतात. सोनूबाईची वलांडी तिला सासूकडून आलेली. वैधव्यानंतर तिचा सारा चरितार्थ त्या वलांडीवरच उभा होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकी, तेव्हा तिच्या हातांना पूजाविधीचे सावधपण येई. हिवाळ्याउन्हाळ्यात वाळवावे आणि पावसाळ्यात विकावे, असा तिचा संवत्सरक्रम.

परंतु ऐंशीच्या दशकात अंधेरीत इमारती वाढल्या आणि मूठभर बंगल्यांसाठी बांधलेल्या जुन्या गटाराला त्यांचे मैलापाणी पेलवेना. ते फुटक्या विटांतून थेट खाडीत उतरू लागले. ज्या पाण्यात मासळी धुवायची तेच काळवंडले. व्यापारी सोनूबाईचा माल हुंगून परत ठेवू लागले. गावाने वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या. अखेर उपनगरांच्या मलवाहिन्यांसाठी परदेशी कर्ज मंजूर झाले, आणि नव्या नळाचा मार्ग आखला गेला तो नेमका सोनूबाईच्या वलांडीखालून. काम पावसाआधी उरकणे भाग होते. अन्यथा निधी दुसऱ्या उपनगराकडे वळणार होता.

तरुण अभियंता चंद्रप्रकाश याने गावच्या पाटलाची, म्हणजे सोनूबाईचा दीर हरेश्वर याची, संमती घेतली होती. बांबू उपटायला मजूर आले तेव्हा सोनूबाई खांबाला पाठ लावून बसली. पाठोपाठ वाड्यातल्या बायका जमल्या. हरेश्वर धावत आला आणि गावाचे हित समजावू लागला.

"मासली पान्यात हाय तवर तुमची," सोनूबाई शांतपणे म्हणाली, "किनाऱ्याला लागली का आमची. मंग आमची जागा तुमी कशी दिली, भावजी?"

वलांडी बायकांची आणि आपण विचारले ते पाटलाला, हा प्रमाद चंद्रप्रकाशाला उमगला. वाळूत मांडी घालून त्याने बायकांना सारे नव्याने सांगितले, आणि नळाचा उतार दुसरीकडून साधणार नाही, सोनूबाईचा हंगाम बुडेल, हेही लपवले नाही.

नळ सोनूबाईलाच सर्वांहून अधिक हवा होता. पण हंगाम गेला तर पावसाळ्यात खायचे काय? दुसरीच्या वलांडीवर मासळी टाकणे तर तिथे कमीपणाचे. त्यातून शेजारची वलांडी कमळची; हद्दीवरून भांडण झाल्यापासून दोघींत अबोला होता.

ती कमळच पुढे आली. "माज्या वलांडीवं दोन दोऱ्या मोकल्या हायत. टाक तुजं बोंबील. भांडन मागाहून करू."

मग आणखी दोघीतिघींनी आपापली एकेक दोरी देऊ केली. सोनूबाई उठली. मजुरांना दूर सारून पहिला बांबू तिने स्वतःच्या हातांनी उपटला आणि चंद्रप्रकाशाला खणायला सांगितले.

दुपारी चराची माती वर येत होती आणि पलीकडे सोनूबाई कमळच्या वलांडीवर बोंबील टाकत होती.

"दोरी ढिली बांदलीस गो," ती म्हणाली.

"मंग तूच आवल," कमळने सुनावले आणि दोरीचे टोक तिच्या हातात दिले.